ज्वरकाळातील मेदाचा हिशेब

गेल्या भाद्रपदात, गौरी-गणपतींचे विसर्जन होऊन चार दिवसही झाले नसतील, तोच साताऱ्याला माझ्या थोरल्या बंधूंना डेंग्यूचा ताप आला. आणि सहाव्या दिवशी, ताप उतरणीला लागलेला असताना, प्लेटलेट्स मोजण्यासाठी ते रक्त द्यावयास गेले, तेव्हा एवीतेवी सुई टोचलीच जाणार आहे तर वर्षाची बाकीची तपासणीही उरकून घ्यावी, अशा विचाराने त्यांनी साखर, यकृत, मूत्रपिंड आणि लिपिड प्रोफाइल असे सगळे पॅकेजच करवून घेतले. संध्याकाळी मी गेलो तेव्हा घरात पपईच्या पानांच्या रसाचा कडवट वास भरला होता, दादा उशीला टेकून पेज घेत होते, आणि वहिनींच्या हातात रिपोर्टाचे कागद होते. "भावोजी, बघा तरी," त्या म्हणाल्या, "चैत्रात डॉक्टरांनी गोळी सुरू करा म्हणून सांगितलं होतं. यांनी नुसतं तेल-तूप कमी केलं, आणि कोलेस्टेरॉल दोनशे चौदावरून एकशे सव्वीसवर आलं. गोळी लागलीच नाही!" पेशी कमी झाल्याच्या धास्तीने आठवडाभर काळवंडलेल्या त्या घरात एवढा एकच आकडा दिलासा देणारा होता, आणि खरे सांगायचे तर तो पाहून मलाही बरे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरचे डॉक्टर आले. त्यांनी प्रथम दादांची जीभ पाहिली, पोट दाबून पाहिले, रक्तदाब घेतला, प्लेटलेट्सचा आकडा वाचून मान डोलावली, आणि मग वहिनींनी मोठ्या कौतुकाने पुढे केलेले लिपिड प्रोफाइलचे पान क्षणभर न्याहाळून ते म्हणाले, "हे पान तूर्त बाजूला ठेवा, वहिनी. हे तापाचं कोलेस्टेरॉल आहे, दादांचं नाही."

या वाक्याने माझ्या मनात घर केले. रक्तातील मेदाचे प्रमाण ही माणसाच्या प्रकृतीची, त्याच्या आनुवंशिक वारशाची आणि वर्षानुवर्षांच्या आहारविहाराची सावकाश साठत गेलेली बाकी असते, अशी माझी समजूत होती. आणि ती समजूत चुकीची नसली तरी, एखादा विषाणू आठ दिवसांसाठी शरीरात शिरताच ही सारी बाकी कशी उलटीपालटी होते, कोणाच्या हुकमाने होते आणि कोणाच्या हिताची ठरते, याविषयी पुढील काही महिन्यांत जे वाचनात आले ते सामान्य वाचकापुढे मांडावे, असे मला फार वाटू लागले. कारण ज्या चुकीच्या उंबरठ्यावर आमचे घर त्या संध्याकाळी उभे होते, तेथे दर पावसाळ्यात कितीतरी घरे उभी असतात.

आधी मेदाच्या नेहमीच्या कारभाराकडे पाहू. तेल आणि पाणी यांचे जमत नाही, हे आमटीवर तरंगणारी फोडणी पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आणि रक्त हे मुख्यत्वे पाणीच असल्यामुळे त्यातून मेद वाहून न्यावयाचा तर त्याला पाण्यात मिसळणारे काही आवरण चढवावे लागते. यकृत हे काम अहोरात्र करते. ट्रायग्लिसराइड, म्हणजे शरीराचे जळण, आणि कोलेस्टेरॉल, म्हणजे पेशींच्या भिंतींत वापरावयाची एक प्रकारची चुनाविटच, ही दोन्ही आत भरून, वरून प्रथिनांचे वेष्टण लावलेले सूक्ष्म गोलक ते रक्तात सोडते. यांतील मोठे गोलक ते व्हीएलडीएल. स्नायूंतील आणि मेदपेशींतील केशवाहिन्यांच्या भिंतींवर लायपोप्रोटीन लायपेझ नावाचे विकर जणू नाक्यावरच्या अंमलदारासारखे बसलेले असते. ते या गोलकांतील जळण उतरवून घेते, आणि माल उतरल्यावर लहान झालेला, कोलेस्टेरॉलनेच प्रामुख्याने भरलेला जो गोलक उरतो तो एलडीएल. पेशी आपल्या पृष्ठभागावरील ग्राहकांच्या द्वारे एलडीएल आत ओढून घेतात. हे ग्राहक शोधून काढणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन या अमेरिकन वैद्यकज्ञांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. एचडीएल हा सर्वांत लहान व घट्ट गोलक. तो ठिकठिकाणचे शिल्लक कोलेस्टेरॉल गोळा करून यकृताकडे परत आणतो.

कोलेस्टेरॉल हे नाव आज बहुतेकांच्या तोंडी एखाद्या गुन्हेगाराच्या नावासारखे येते, आणि हा त्याच्यावर मोठा अन्याय आहे असे मला वाटते. पित्ताशयातील खड्यांत सापडलेल्या या पदार्थाला शेव्ह्रल या फ्रेंच रसायनज्ञाने दोनशे वर्षांपूर्वी ग्रीक भाषेतील पित्त आणि घन या अर्थाचे दोन शब्द जोडून नाव दिले. तेव्हापासून एवढे निश्चित झाले आहे की, याच्यावाचून पेशीचे आवरण उभे राहत नाही, पित्ताम्ले तयार होत नाहीत, आणि दुखण्याच्या संकटात शरीराला तारून नेणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरकही याच्यापासूनच घडते. ही शेवटची गोष्ट तापाच्या संदर्भात विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ज्या घटकाची गरज आजारपणात वाढते, त्याचाच रक्तातील आकडा आजारपणात घटतो. आणि म्हणून ती घट समृद्धीची खूण मानता येत नाही.

तीव्र संसर्गात काय होते, ते थोडक्यात असे. पहिल्या काही दिवसांतच एकूण कोलेस्टेरॉल, एलडीएल आणि एचडीएल ही तिन्ही खाली येतात. ट्रायग्लिसराइड मात्र बहुधा चढते, किंवा निदान रोग्याच्या पोटात अन्नाचा कण नसतानाही अपेक्षेप्रमाणे उतरत नाही. फिनलंडमधील वैद्यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात विषाणूंनी आजारी पडलेले रोगी आणि जिवाणूंनी आजारी पडलेले रोगी या दोन्ही गटांत मेदाची हीच उलथापालथ दिसून आली होती. म्हणजे ही करणी एकट्या कुठल्या जंतूची नसते. जंतू कोणताही असो, शरीर स्वतःच आपल्या कारभाराची घडी बदलते. मौजेची गोष्ट अशी की, उंदरांत याच्या उलट घडते. संसर्ग झाल्यावर त्यांचे कोलेस्टेरॉल वाढते, आणि माणसाचे व माकडांचे घटते. त्यामुळे उंदरांवरील प्रयोगांतून काढलेले निष्कर्ष या विषयात फार जपून वापरावे लागतात.

हा बदल कोणाच्या फर्मानाने होतो, याचा शोध ज्या वाटेने लागला ती वाट विषाणूंच्या प्रांतातून जात नाही, तरीही ती येथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. अँथनी सेरामी हे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील संशोधक १९७० नंतरच्या दशकात केनियात गेले असता, त्सेत्से माशीच्या दंशाने ट्रिपॅनोसोमा या परजीवीची बाधा झालेली गुरे त्यांच्या पाहण्यात आली. गुरे वाळून नुसती हाडांचा सापळा होत होती; एवढ्या मोठ्या देहाचा असा क्षय व्हावा, इतकी काही त्या परजीवीची भूक नव्हती. प्रयोगशाळेत परतल्यावर सेरामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशांना हीच बाधा करून त्यांचे रक्त तपासले, आणि त्यांना दिसले ते विलक्षणच होते: उपासमारीने मरू घातलेल्या त्या प्राण्यांच्या रक्तात मेदाची टंचाई असावयाची, तर उलट ट्रायग्लिसराइडचा पूर आला होता. रक्ताची नळी यंत्रात फिरवून घेतली की तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि वर निवळ, फिकट पिवळसर रस उरतो. ट्रायग्लिसराइड फार वाढले असले म्हणजे तो रस पिवळसर न दिसता ताकासारखा गढूळ, कधी कधी तर दुधासारखा पांढरा दिसतो. ज्या जनावराच्या बरगड्या मोजता याव्यात त्याच्या रक्ताला सायीचा रंग यावा, या विसंगतीत सगळा उलगडा दडलेला होता.

कारण रसद येत होती, पण ती उतरवून घेणारा नाक्यावरचा अंमलदारच जागेवरून उठला होता. १९८० आणि १९८१ साली या मंडळींनी दाखविले की, बाधा झालेल्या प्राण्यांत लायपोप्रोटीन लायपेझ हे विकर मंदावते, आणि ते मंदावविणारा हुकूम रोगजंतूकडून न येता प्राण्याच्या स्वतःच्या प्रतिकारपेशींकडून सुटतो. त्या हुकमाला, म्हणजे त्या द्रव्याला, त्यांनी क्षयकारक या अर्थाचे कॅकेक्टिन असे नाव दिले. सेरामींच्या प्रयोगशाळेत तरुण ब्रूस ब्यूटलर यांनी ते द्रव्य शुद्ध स्वरूपात हाती आणले आणि १९८५ साली असे निष्पन्न झाले की, लॉइड ओल्ड यांच्या गटाने न्यूयॉर्कमध्येच १९७५ साली अर्बुदांचा नाश करणारे म्हणून वर्णिलेले ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर आणि हे कॅकेक्टिन ही दोन्ही एकच आहेत. एकाच शहरातील, एकाच रस्त्यावरील दोन संस्थांत एकाच द्रव्याला काही वर्षे दोन वेगळी नावे असावीत, हे ज्ञानाच्या वाटचालीत घडते. ब्यूटलर यांना पुढे २०११ साली उपजत प्रतिकारशक्तीवरील कार्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले.

डेंग्यूत, फ्लूत किंवा कोविडात हाच हुकूम सुटतो, आणि एकटा सुटत नाही. विषाणूची चाहूल लागताच पेशी इंटरफेरॉन सोडतात, प्रतिकारपेशी इंटरल्यूकिने सोडतात. त्यांच्या एकत्रित परिणामाने मेदाचे साठे वितळू लागतात, सुटा मेद यकृताकडे धावतो, यकृत त्याचे गोलक बांधून पुन्हा रक्तात सोडते, आणि उतरवून घेणारे विकर मंद असल्यामुळे ते गोलक रक्तात साचतात. एचआयव्हीची बाधा झालेल्या रोग्यांत ट्रायग्लिसराइडची वाढ आणि रक्तातील इंटरफेरॉन ही हातात हात घालून चालतात, हे सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रुनफेल्ड आणि फाइनगोल्ड यांनी १९९० च्या सुमारास दाखविले होते.

यात शरीराचा हेतू काय असावा? हेतू हा शब्द निसर्गाच्या बाबतीत वापरताना भीड वाटते. तरीही काही गोष्टी इतक्या नेमक्या जुळतात की तो शब्द टाळणे कठीण होते. डेंग्यूच्या विषाणूला, कोरोनाच्या विषाणूला, फ्लूच्या विषाणूला बाहेरून मेदाचे आवरण असते आणि ते त्याने आपल्या पेशीच्या पडद्यातूनच उचललेले असते. स्वतः मेद तयार करण्याची कुवत या विषाणूंत नाही. डेंग्यूचा विषाणू तर पेशीत साठविलेले मेदाचे थेंब पेशीकडूनच जाळवून घेतो आणि त्या ऊर्जेवर आपली वाढ साधतो, हे २०१० साली उघडकीला आले. अशा परक्या अतिथीविरुद्ध पेशीपाशी एक जुना उपाय असतो: त्याची रसद तोडणे. एडिंबरोच्या संशोधकांनी २०११ साली असे दाखविले की, इंटरफेरॉनचा इशारा मिळताच प्रतिकारपेशी कोलेस्टेरॉलची निर्मितीच आवरती घेतात. आणि २०१३ साली असेही सिद्ध झाले की, पेशी आपल्याजवळच्या कोलेस्टेरॉलचे थोडेसे रूप पालटून असे एक द्रव्य घडवितात की, ज्याच्या योगाने आवरण असलेल्या अनेक विषाणूंना पेशीच्या पडद्याशी एकजीव होऊन आत शिरणे अवघड जाते. ज्या कोलेस्टेरॉलला आपण धमनीतला शत्रू म्हणून ओळखतो, तेच किंचित वेष पालटून दाराशी पहारा देते, हे वाचल्यावर माझा त्याच्याविषयीचा आदर पुष्कळच वाढला.

एचडीएलचे रूपांतर याहून गंभीर आहे. नेहमीच्या दिवसांत हा गोलक धमनीचा दाह शमविणारा असतो. पण संसर्गाच्या दिवसांत यकृत सीरम अमायलॉइड ए नावाचे प्रथिन, कधी कधी नेहमीच्या हजारपटीपर्यंत, निर्माण करते आणि ते एचडीएलच्या वेष्टणातील मूळच्या प्रथिनाला हुसकून त्याच्या जागी बसते. मग दादांच्या रिपोर्टाप्रमाणे एचडीएल चोवीस असे छापून येते, तेव्हा ते संख्येने तर जवळजवळ निम्म्यावर आलेले असतेच. शिवाय जे उरलेले असते तेही आपले रोजचे काम पूर्वीसारखे करीत नसते.

डेंग्यूच्या बाबतीत आणखी एक आश्चर्य आहे. ताप आल्यावर पहिल्या दिवसांत आपण एनएस-वन ची चाचणी करवितो. हे एनएस-वन म्हणजे बाधित पेशींतून रक्तात सुटणारे विषाणूचे एक प्रथिन. त्याची बारकाईने रचना तपासणाऱ्यांनी २०११ साली दाखविले की, या प्रथिनाचे सहा घटक पिंपाच्या आकारात जुळतात आणि त्या पिंपाच्या पोकळीत मेद भरलेला असतो; म्हणजे एचडीएलसारखाच एक गोलक विषाणू आपल्या रक्तात सोडून देतो. आमच्या घरी ताप आल्याच्या दुसऱ्या दिवशी ज्या पट्टीवर दोन गुलाबी रेघा उमटल्या आणि ज्यांनी सारे घर हादरले, त्या रेघांमागे असे मेदाने भरलेले, विषाणूच्या घडणीचे लक्षावधी पिंप वाहत होते, हे तेव्हा आम्हांस कोठून ठाऊक असणार?

इंडोनेशियातील समरांग येथील रुग्णालयात डेंग्यूने आजारी पडलेल्या मुलांचा अभ्यास डच आणि इंडोनेशियन डॉक्टरांनी मिळून केला आणि तो २००२ साली प्रसिद्ध झाला. ज्या मुलांचा आजार अधिक गंभीर वळणावर गेला होता, त्यांच्यात एकूण कोलेस्टेरॉल, एलडीएल आणि एचडीएल अधिक खाली गेलेली आढळली. गंभीर डेंग्यूत केशवाहिन्या गळक्या होतात आणि रक्तातील द्रव बाहेर झिरपतो; त्या झिरपण्याबरोबर लहान आकाराचे गोलकही निसटत असावेत, यकृताचे कामही मंदावत असावे, आणि दाहाचा हुकूम तर असतोच; हे सारे धागे एकमेकांत गुंतलेले आहेत. पुढे २०२० साली वुहानमध्ये कोविडच्या पहिल्या लाटेतील रोग्यांविषयी असेच लिहिले गेले: रोग जितका तीव्र, तितके एलडीएल खाली, आणि बरे होऊ लागलेल्यांत ते पुन्हा वर. म्हणून मोठ्या रुग्णालयांतील डॉक्टर तापाच्या ऐन भरात कोलेस्टेरॉल अचानक कोसळलेले पाहतात तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी उमटते. वहिनींना जो आकडा शुभवार्ता वाटला, तो वाचता येणाऱ्याला रोगाच्या जोराची निशाणी वाटतो.

येथे एका जुन्या वादाचा उल्लेख अपरिहार्य आहे. कोलेस्टेरॉल कमी असलेली माणसे अधिक संख्येने मरतात, असे काही पाहण्यांत आढळल्यामुळे, कोलेस्टेरॉल कमी करू नये असा सल्ला अधूनमधून छापून येतो, आणि घरोघरी तो मोठ्या उत्साहाने पुढे धाडला जातो. परंतु जो आधीपासूनच आजारी आहे, ज्याच्या शरीरात कुठे तरी दाह धुमसतो आहे, त्याचे कोलेस्टेरॉल त्या आजारामुळेच खाली आलेले असते. घट ही तेथे आजाराची सावली असते. सावलीला वस्तू समजून औषधाचा निर्णय घेणे हे माझ्या मते धोक्याचे आहे, आणि ज्यांनी हे सल्ले छापले त्यांनी ही गोष्ट वाचकांना तितक्याच ठळकपणे सांगावयास हवी होती.

आता प्रयोगशाळेच्या कागदाकडे पाहू, कारण त्यावरील गणितात एक बारीकशी फट आहे आणि तापाच्या दिवसांत ती रुंदावते. पुष्कळ लिपिड प्रोफाइलमध्ये एलडीएल प्रत्यक्ष मोजलेले नसते. ते विल्यम फ्रीडवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली दिलेल्या सूत्राने काढलेले असते. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करावयाचे, आणि ट्रायग्लिसराइडला पाचाने भागून येणारा आकडा व्हीएलडीएल म्हणून तोही वजा करावयाचा. उरते ते एलडीएल. दादांच्या तापातल्या कागदावर एकूण १२६, एचडीएल २४, ट्रायग्लिसराइड २३५ असे होते. पाचाने भागून ४७, आणि वजाबाकी करून एलडीएल ५५. चैत्रातल्या कागदावर एकूण २१४, एचडीएल ४२, ट्रायग्लिसराइड १५०, म्हणून एलडीएल १४२. आता पाहा: तापाने एकूण आकडा खाली ओढला आणि ट्रायग्लिसराइड वर ढकलले, त्यामुळे वजा होणारी रक्कम फुगली आणि एलडीएल दोन्हीकडून कमी दिसू लागले. शिवाय पाचाने भागण्याचा तो ठोकताळा उपाशीपोटी रक्त दिलेल्या माणसांच्या रक्तावर बसविलेला आहे. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले तर तो वापरू नये, असे मूळ लेखकांनीच बजावून ठेवले होते. आणखी एक ओळ वहिनींच्या नजरेतून सुटली होती. त्याच कागदाच्या तळाशी एकूण कोलेस्टेरॉल भागिले एचडीएल असे एक गुणोत्तर छापलेले असते. ते चैत्रात ५.१ होते आणि तापात ५.३ झाले होते. ज्या कागदाने घराला आनंद दिला, त्याच कागदाची शेवटची ओळ तो आनंद नाकारीत होती.

याहून महत्त्वाची गोष्ट हृदयाची. कोलेस्टेरॉल खाली आले म्हणजे त्या दिवसांत हृदयाला तरी विसावा मिळत असेल, असे साहजिकच वाटते. आणि वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातील नोंदींवरून केलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. फ्लूचे निदान प्रयोगशाळेत पक्के झालेल्या माणसांत, निदानानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याने रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण इतर काळाच्या मानाने सुमारे सहापट आढळले. ताप, जलद नाडी, रक्त गोठण्याकडे कल आणि धमनीतील जुन्या साठ्याभोवती भडकलेला दाह ही सारी कारणे एकत्र येतात, आणि रूप पालटलेले एचडीएल त्यांना आवर घालू शकत नाही. ज्या आठवड्यात कागदावर कोलेस्टेरॉल सर्वांत देखणे दिसते, तोच आठवडा वयस्कर आणि हृदयरोगी माणसासाठी सर्वांत जपण्याचा असतो. अशा माणसाला फ्लूत छातीत जड वाटू लागले, दम लागू लागला, तर तो अशक्तपणा आहे असे समजून रात्र काढू नये.

कावीळ करणाऱ्या विषाणूंविषयी एवढेच सांगतो की, तेथे मेदाचे कोठारच, म्हणजे यकृत, वेढ्यात सापडलेले असते. त्यामुळे त्या दिवसांतील लिपिड प्रोफाइल तर सर्वस्वी अवाच्य समजावे. आणि एक अपवाद असा की, क्वचित एखाद्या विषाणूजन्य तापात प्रतिकारशक्तीच बेबंद होऊन स्वतःच्या रक्तपेशी गिळू लागते. या दुर्मीळ पण भयंकर अवस्थेच्या निदानासाठी जे निकष ठरविले आहेत, त्यांत उपाशीपोटीचे ट्रायग्लिसराइड २६५ किंवा त्याहून अधिक असणे हा एक निकष आहे. तेथे डॉक्टर मुद्दाम तापातच मेद मोजवितात; पण ते हृदयाच्या हिशेबासाठी नव्हे.

मग तपासणी करावी केव्हा? साधा फ्लू होऊन गेल्यावर तीनेक आठवडे थांबावे, आणि डेंग्यूसारखे मोठे दुखणे झाले असेल, रुग्णालयात राहावे लागले असेल, तर दोन ते तीन महिने जाऊ द्यावेत, भूक आणि वजन पूर्ववत होऊ द्यावे, असा सर्वसाधारण वैद्यकीय प्रघात आहे. रक्त देताना गेल्या दोन महिन्यांत कोणता ताप आला होता, हे लॅबमधल्या माणसाला आणि डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. कोलेस्टेरॉलची गोळी आधीपासून चालू असेल तर तापातला कमी आकडा पाहून ती स्वतःच्या मनाने बंद करू नये; आणि तापात एखादे प्रतिजैविक किंवा विषाणूविरोधी औषध दिले जात असेल तर आपण ती गोळी घेतो हे डॉक्टरांच्या कानावर अवश्य घालावे, कारण त्यांतील काही औषधांनी या गोळीचा रक्तातील अंश वाढून स्नायूंना इजा पोहोचू शकते, आणि अशा वेळी गोळी काही दिवस थांबवावी की नाही हे ठरविणे त्यांचे काम आहे.

दादांचे रक्त पुन्हा घेतले ते मार्गशीर्षात. तोवर त्यांचे गेलेले चार किलो वजन भरून आले होते, सकाळी अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर फिरणे पुन्हा सुरू झाले होते आणि वहिनींच्या हातच्या बाजरीच्या भाकरीला पहिल्यासारखा न्याय मिळू लागला होता. कागद आला: एकूण २०६, एचडीएल ४१, ट्रायग्लिसराइड १६०, एलडीएल १३३. तेल-तूप कमी केल्याचा जो काही थोडा गुण यावयाचा तो आला होता, आणि तेवढाच आला होता. डॉक्टरांनी चैत्रातला कागद आणि हा कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले, दादांच्या वडिलांना, म्हणजे आमच्या आप्पांना, पंचावन्नाव्या वर्षी झटका आला होता हे पुन्हा एकदा विचारून घेतले, आणि गोळी लिहून दिली. मग फाइलमधले भाद्रपदातले पान काढून, त्याच्या वरच्या कोपऱ्यात तांबड्या शाईने त्यांनी लिहिले: "डेंग्यू, सहावा दिवस. तुलनेस घेऊ नये." आणि ते पान फाडून न टाकता पुन्हा तारखेप्रमाणे आपल्या जागी लावून ठेवले.